प्रसाविकेचे शिक्षण: फी भरण्याआधी आणि नोंदणी हातात आल्यावर

बारावीचा निकाल लागला की वाचकांकडून दोन प्रश्न हमखास येतात. ‘एएनएम करू की जीएनएम?’ आणि ‘एवढी फी भरून नोकरी लागेल का?’ कोर्स पूर्ण करून नोंदणी मिळवलेल्या मुलींचा प्रश्न तिसराच असतो: ‘जाहिराती कुठे येतात, आणि तोवर खाजगी दवाखान्यात किती पगारावर उभे राहायचे?’ या तिन्ही प्रश्नांची उत्तरे एकमेकांत अडकलेली आहेत. पहिला पगार किती असेल याचा अंदाज न घेता फी भरली, तर पुढची चार-पाच वर्षे घरादाराला ओढाताण सोसावी लागते. कॉलेजची इमारत, बस आणि गणवेश पाहून निर्णय घेऊ नका. शेवटी तुमची नोंदणी कोणत्या नावाने होणार आणि त्या नोंदणीवर कोणती पदे खुली होणार, हे आधी पाहा. पुढचा सगळा लेख त्याच हिशेबाने लिहिला आहे.

कोर्सचे नाव आणि नोंदणीचे नाव

आपल्याकडे बाळंतपणाचे प्रशिक्षण देणारे तीन मान्यताप्राप्त कोर्स आहेत.

- एएनएम (सहायक परिचारिका-प्रसाविका): दोन वर्षे. बारावी उत्तीर्ण मुलींसाठी, कोणत्याही शाखेतून. वय १७ ते ३५. नोंदणी ‘आरएएनएम’ म्हणून होते.
- जीएनएम (सामान्य परिचर्या व प्रसाविका): तीन वर्षे. बारावीला इंग्रजीसह किमान ४० टक्के गुण लागतात. मुलगेही करू शकतात. नोंदणी ‘आरएन-आरएम’, म्हणजे परिचारिका आणि प्रसाविका दोन्ही.
- बीएस्सी नर्सिंग: चार वर्षे. बारावीला भौतिक, रसायन, जीवशास्त्र आणि इंग्रजी आवश्यक. पदवी नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाची. नोंदणी ‘आरएन-आरएम’च.

जीएनएम आणि बीएस्सी या दोन्हींची नोंदणी एकाच नावाने होते, हे पुष्कळांना माहीत नसते. सरकारी दवाखान्यातल्या अधिपरिचारिका पदासाठी दोघी अर्ज करू शकतात. फरक पडतो तो पुढे: अध्यापन, समुदाय आरोग्य अधिकारी, केंद्रीय संस्था आणि परदेश इथे पदवीला वजन आहे. एएनएमचे मुख्य दार मात्र जिल्हा परिषदेची आरोग्यसेविका हेच आहे. गावात राहून काम करायची तयारी असेल तर ते दार लहान मुळीच नाही. उपकेंद्रावर गरोदरपणाची नोंद, लसीकरण, बाळंतपण आणि घरभेटी हे सगळे तीच पाहते. सपाट भागात सुमारे ५,००० आणि डोंगरी-आदिवासी भागात ३,००० लोकसंख्येमागे एक उपकेंद्र असते.

आता एक इशारा. एसटी स्टँडसमोर, मेडिकल दुकानाच्या वरच्या दोन खोल्यांत ‘नर्सिंग कोर्स, दहावी पास, १०० टक्के नोकरी’ असा फ्लेक्स लावलेला तुम्ही पाहिला असेल. सहा महिन्यांचा किंवा वर्षाचा असा कोर्स केल्यावर रुग्णसहायक म्हणून काम मिळू शकते. मात्र नर्सिंग परिषदेत नोंदणी होत नाही, आणि नोंदणीशिवाय परिचारिका वा प्रसाविका म्हणून काम करता येत नाही. प्रवेश घेण्याआधी एवढे तपासा:

१. एएनएम व जीएनएमची परीक्षा महाराष्ट्र राज्य शुश्रूषा व परावैद्यक शिक्षण मंडळ घेते. तुम्ही निवडलेल्या संस्थेचे नाव मंडळाच्या चालू वर्षाच्या यादीत आहे का?
२. महाराष्ट्र परिचर्या परिषदेची मान्यता आहे का, आणि किती जागांची? मान्यता २० जागांची आणि वर्गात ४० मुली, असा प्रकार असेल तर उरलेल्या २० जणींचे काय होणार, हा प्रश्न तिथेच विचारा.
३. भारतीय परिचर्या परिषदेच्या यादीत नाव आहे का? परराज्यात किंवा परदेशात जायचे असेल तर याला महत्त्व आहे.

‘मान्यतेचा प्रस्ताव पाठवला आहे, लवकरच येईल’ या उत्तरावर एक रुपयाही भरू नका.

शासकीय जागा आधी, बाकी सगळे नंतर

जिल्हा रुग्णालये, शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आणि मोठ्या महापालिकांची रुग्णालये यांना जोडून परिचर्या शाळा व महाविद्यालये आहेत. तिथली फी खाजगीच्या मानाने नाममात्र असते, राहण्याची सोय बहुधा आवारातच असते आणि रुग्ण भरपूर असतात. शिक्षणाचा मोठा भार तिथे सरकार, म्हणजे आपण सगळे, उचलतो. त्या जागा थोड्या आहेत आणि त्या गुणांवर मिळतात. म्हणून ‘आपला नंबर कुठला लागायचा’ असे म्हणून अर्जच न करणे हे सगळ्यात महागात पडते.

प्रवेशाची पद्धत गेल्या काही वर्षांत बदलत आली आहे. बीएस्सी नर्सिंगसाठी राज्य सीईटी कक्षाची स्वतंत्र प्रवेश परीक्षा आहे. जानेवारीपासूनच सीईटी कक्षाच्या संकेतस्थळावर नजर ठेवा. बारावीच्या निकालानंतर चौकशी सुरू केली तर अर्जाची मुदत गेलेली असू शकते. एएनएम, जीएनएमसाठी त्या वर्षीची पद्धत जवळच्या शासकीय परिचर्या शाळेच्या कार्यालयात प्रत्यक्ष जाऊन विचारा. तिथल्या सूचनाफलकावरची माहिती ऐकीव माहितीपेक्षा खात्रीची असते.

शासकीय शिक्षणाचा आणखी एक फायदा आहे. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या भरतीत अधिपरिचारिकांच्या जागा ‘शासकीय’ आणि ‘खाजगी’ अशा दोन गटांत विभागून जाहिरात केल्या गेल्या आहेत. शासकीय संस्थेत शिकलेल्यांचा गट वेगळा, त्यातली स्पर्धाही वेगळी. अर्ज भरताना आपला गट चुकवू नका.

खाजगी संस्थेची फी: माहितीपत्रकातला आकडा आणि खरा आकडा

खाजगी संस्थेत जावे लागले तर त्यात कमीपणा नाही. पण माहितीपत्रकातली शिक्षण फी हा खर्चाचा एक भाग असतो. कार्यालयात कागद-पेन घेऊन बसा आणि हे सगळे वर्षवार लिहून घ्या:

- शिक्षण फी दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी वाढणार का, किती?
- होस्टेल आणि मेस सक्तीची आहे का? वर्षाचे दहा महिने धरतात की बारा?
- गणवेश, बूट, पुस्तके, केस बुक, मॅनिकिनचे ‘लॅब शुल्क’
- परीक्षा फी, पात्रता प्रमाणपत्र, परिषदेची विद्यार्थी नोंदणी
- क्लिनिकलसाठी दुसऱ्या गावच्या रुग्णालयात पाठवत असतील तर बसभाडे कोणाचे?
- डिपॉझिट परत कधी आणि कशावर मिळते?

प्रत्येक रकमेची पावती घ्या. पावती देता येत नाही अशी रक्कम मागितली, तर ती देणगी मागणे आहे. १९८७ च्या कायद्याने महाराष्ट्रात त्याला बंदी आहे.

आता कर्जाचे गणित मांडू. समजा, तीन वर्षांच्या जीएनएमसाठी तुम्ही ३ लाख रुपयांचे कर्ज घेतले. व्याज १० टक्के, फेड सात वर्षांत. महिन्याचा हप्ता सुमारे ४,९८० रुपये बसतो, आणि यात शिकत असतानाचे चढलेले व्याज धरलेलेच नाही. पहिली नोकरी तालुक्याच्या गावी १२,००० रुपयांवर लागली तर खोलीभाडे, जेवण आणि हप्ता जाऊन घरी पाठवायला काही उरत नाही. तोच हप्ता अधिपरिचारिकेच्या सरकारी पगारात सहज बसतो. फक्त तो पगार कधी सुरू होईल हे कोणी सांगू शकत नाही. म्हणून माझे स्पष्ट मत आहे की हप्ता खाजगी दवाखान्यातल्या पहिल्या पगाराच्या एक चतुर्थांशापेक्षा जास्त होईल एवढे कर्ज काढू नये. शेत गहाण टाकून तर अजिबात नको. फी त्या मर्यादेत बसत नसेल तर एक वर्ष थांबून शासकीय जागेसाठी पुन्हा प्रयत्न करणे, किंवा आधी एएनएम करून, नोकरीला लागून पुढे जीएनएमला जाणे हा मार्ग खुला आहे. नोंदणीकृत एएनएमला जीएनएमच्या प्रवेशासाठी पात्र धरले जाते.

कर्ज घ्यायचेच असेल तर राष्ट्रीयीकृत बँकेतून घ्या. शैक्षणिक कर्जाच्या आदर्श योजनेत ४ लाखांपर्यंत तारण लागत नाही, कोर्स संपल्यावर एक वर्षापर्यंत हप्ता सुरू होत नाही, आणि फेडीला १५ वर्षांपर्यंत मुदत मिळते. पतपेढीचे वैयक्तिक कर्ज किंवा सोनेतारण पहिल्याच महिन्यापासून व्याज मागते.

शिष्यवृत्ती: अर्ज तुमचा, पाठपुरावाही तुमचाच

महाडीबीटी पोर्टलवर आपल्या प्रवर्गाची योजना शोधा. अनुसूचित जातीसाठी भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे. तिला कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा २.५ लाख रुपये. त्याहून जास्त उत्पन्न असेल तर शिक्षण शुल्क-परीक्षा शुल्क प्रतिपूर्तीची योजना पाहा. जुलै २०२४ मध्ये राज्य सरकारने आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिक मागास प्रवर्ग आणि इतर मागासवर्गातील, ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण व परीक्षा शुल्क १०० टक्के माफ केले. पण प्रवेश केंद्रीय प्रक्रियेतून झालेला असावा लागतो. व्यवस्थापन कोट्यातून घेतलेल्या जागेला सवलत नाही. ‘आधी मॅनेजमेंटमधून घ्या, मग स्कॉलरशिप बघू’ असे कोणी सांगितले तर तिथून उठा.

तुमच्या संस्थेचे आणि नेमक्या कोर्सचे नाव पोर्टलच्या यादीत दिसते का, हे प्रवेशाच्या आधीच पाहून घ्या. नाव नसेल तर अर्जच भरता येत नाही. जातवैधता, नॉन-क्रिमीलेयर आणि उत्पन्नाचा दाखला यांची तयारी अकरावीपासून करा. बँक खाते आधारला जोडलेले ठेवा. शासकीय वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांना स्वाधार योजनेतून मुंबई-पुण्यासारख्या शहरांत वर्षाला ६०,००० रुपयांपर्यंत मदत मिळते. लहान शहरांत ती रक्कम कमी आहे.

कॉलेज निवडताना लेबर रूम पाहा

हा मुद्दा आईवडील कधीच विचारात घेत नाहीत, आणि मला तो सगळ्यात महत्त्वाचा वाटतो.

प्रसाविका घडते ती लेबर रूममध्ये. तुमच्या केस बुकात तुम्ही स्वतः केलेली बाळंतपणे, गरोदर बाईचे पोट तपासून बाळाची स्थिती ओळखणे, टाके घालणे, बाळाला श्वास देणे यांच्या नोंदी इन्चार्ज सिस्टरच्या सहीने भराव्या लागतात. ज्या संस्थेचे स्वतःचे रुग्णालय जेमतेम चालते, तिथे एका बाईभोवती आठ-दहा विद्यार्थिनी उभ्या राहतात, एकीच्या हातात बाळ येते आणि बाकीच्या ती केस आपापल्या वहीत उतरवून घेतात. कागद पूर्ण होतो, हात कोरे राहतात. अशी मुलगी पहिल्या नोकरीत रात्री एकटी पडली, बाईला रक्तस्राव सुरू झाला, तर तिची काय अवस्था होईल याचा विचार करा. त्या बाईची तर त्याहून वाईट होते.

म्हणून प्रवेशाआधी त्या गावी जा. क्लिनिकल कोणत्या रुग्णालयात होते आणि तिथे महिन्याला किती बाळंतपणे होतात, ते विचारा. शेवटच्या वर्षाच्या मुलींना मेसबाहेर गाठा आणि सरळ विचारा, ‘ताई, तुम्ही स्वतःच्या हाताने किती डिलिव्हरी केल्या? नाईटला किती वेळा होतात?’ त्या खरे सांगतात. जिल्हा रुग्णालयाशी किंवा वैद्यकीय महाविद्यालयाशी जोडलेली साधीशी संस्था अशा वेळी चकाचक इमारतीच्या संस्थेपेक्षा कितीतरी सरस ठरते.

निकाल लागल्यावर लगेच करायची कामे

- महाराष्ट्र परिचर्या परिषदेत नोंदणी. जाहिरातीतल्या अंतिम तारखेला नोंदणी हातात नसेल तर अर्ज बाद होतो, मग गुण कितीही असोत. त्यामुळे निकालानंतर ‘पुढच्या महिन्यात बघू’ असे म्हणू नका.
- शेजारच्या राज्यात शिकला असाल तर आधी तिथल्या परिषदेची नोंदणी आणि ना-हरकत, मग महाराष्ट्रात नोंदणी. सोलापूर, लातूर, सांगली, कोल्हापूरच्या सीमाभागातून कर्नाटकात शिकायला जाणाऱ्या मुलींना हा टप्पा उशिरा कळतो आणि त्यात महिने जातात.
- नोंदणीचे दर पाच वर्षांनी नूतनीकरण होते आणि त्यासाठी सातत्यपूर्ण शिक्षणाचे तास लागतात. कार्यशाळांची प्रमाणपत्रे पहिल्या दिवसापासून एका फायलीत ठेवा.
- कागदपत्रांच्या नावांत फरक असेल (लग्नानंतरचे नाव, वडिलांच्या नावाचे स्पेलिंग) तर आत्ताच दुरुस्त करून घ्या.

नोकऱ्या कुठे आहेत

*जिल्हा परिषद.* आरोग्यसेविका हे गट-क मधले पद. वेतनश्रेणी एस-८, मूळ वेतन २५,५०० ते ८१,१०० रुपये. महागाई व घरभाडे भत्ता वेगळा. २०२३ मध्ये सर्व जिल्हा परिषदांनी मिळून १९,४६० पदांची जाहिरात काढली, त्यात आरोग्यसेविकांची पदे मोठ्या संख्येने होती. पण अशा जाहिराती दरवर्षी येत नाहीत; दोन भरतींमध्ये वर्षे जातात. परीक्षेत तांत्रिक विषयाइतकेच मराठी, इंग्रजी, सामान्य ज्ञान आणि बुद्धिमापन यांना वजन असते. लेबर रूममध्ये तरबेज मुली इंग्रजी व्याकरणात गुण गमावतात, हे पाहून वाईट वाटते. रोज एक तास त्यासाठी ठेवा. अनुसूचित क्षेत्रातल्या गावांमध्ये हे पद स्थानिक अनुसूचित जमातीच्या उमेदवारांसाठी राखलेल्या पदांपैकी आहे. या राखीव पदांचा वाद न्यायालयात गेल्यामुळे तिथल्या भरतीची स्थिती जाहिरातीतूनच नीट वाचा.

*सार्वजनिक आरोग्य विभाग, वैद्यकीय शिक्षण विभाग, महापालिका.* अधिपरिचारिका, एस-१३, मूळ वेतन ३५,४०० ते १,१२,४०० रुपये. ऑगस्ट २०२३ मध्ये आरोग्य विभागाने गट क व ड मिळून १०,९४९ पदे जाहीर केली होती. खुल्या प्रवर्गाला वयाची मर्यादा साधारण ३८, मागास प्रवर्गाला ४३.

*राष्ट्रीय आरोग्य अभियान.* नव्याने उत्तीर्ण झालेल्यांना सरकारी यंत्रणेत पाऊल ठेवायला हा सगळ्यात जवळचा मार्ग. नेमणूक ११ महिन्यांच्या कंत्राटावर. जाहिरातींत एएनएमला १८,००० आणि स्टाफ नर्सला २०,००० रुपये मानधन दिसते. निवड बहुतेक जिल्ह्यांत अंतिम वर्षाचे गुण, जादा पात्रता आणि अनुभव यांच्या गुणांकनावर होते, म्हणून शेवटच्या वर्षाचे गुण हलके घेऊ नका. ‘कायम होऊ’ या आशेवर मात्र आयुष्याचे गणित बांधू नका. दहा वर्षांहून अधिक सेवा झालेल्यांसाठी समकक्ष रिक्त पदांपैकी ३० टक्के पदे देण्याचा शासन निर्णय मार्च २०२४ मध्ये झाला, पण तिथे पोहोचायला दहा वर्षे लागतात. कंत्राटात असताना कायम पदांच्या परीक्षा देत राहा.

*समुदाय आरोग्य अधिकारी.* बीएस्सी नर्सिंगवाल्यांसाठी. उपकेंद्राच्या आरोग्य मंदिरात नेमणूक; महिना २५,००० रुपये आणि कामगिरीनुसार १५,००० पर्यंत जास्त.

*एम्स.* नॉर्सेट या सामाईक परीक्षेतून भरती. बीएस्सी असेल तर थेट. जीएनएम असेल तर किमान ५० खाटांच्या रुग्णालयात दोन वर्षांचा अनुभव हवा. त्यामुळे जीएनएम झालेल्यांनी पहिली नोकरी निवडताना १५ खाटांच्या दवाखान्यात हजार रुपये जास्त मिळतात म्हणून ५० खाटांचे रुग्णालय सोडू नये.

*खाजगी प्रसूतिगृहे व रुग्णालये.* जागा इथे सगळ्यात जास्त आणि पगार सगळ्यात विस्कळीत. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या आदेशानंतर केंद्राने नेमलेल्या तज्ज्ञ समितीने खाजगी परिचारिकांच्या पगाराबाबत अशी शिफारस केली:

- २०० पेक्षा जास्त खाटा: सरकारी परिचारिकेइतका पगार
- १०० ते २०० खाटा: सरकारीपेक्षा फार तर १० टक्के कमी
- ५० ते १०० खाटा: फार तर २५ टक्के कमी
- ५० पेक्षा कमी खाटा: महिना किमान २०,००० रुपये

ही शिफारस आहे, त्यामुळे तेवढ्यावर पगार वसूल करता येणार नाही. पण पगाराची बोलणी करताना हे आकडे माहीत असावेत. समोरचा ‘सगळीकडे हाच रेट आहे’ म्हणतो, तेव्हा शांतपणे सांगायला आपल्याकडे काहीतरी हवे.

मुलाखतीला काय विचारतात

चांगल्या रुग्णालयात इन्चार्ज सिस्टर पार्टोग्राफचा कोरा कागद पुढे ठेवते. ‘पहिलटकरीण, गर्भाशयाचे तोंड सहा सेंटिमीटर, दहा मिनिटांत तीन कळा, बाळाचे ठोके १४०. भरून दाखव.’ पेन हातात घेऊन भरता आले पाहिजे. बाळ बाहेर आल्यावर एका मिनिटाच्या आत १० युनिट ऑक्सिटोसिन दंडात किंवा मांडीत, आत दुसरे बाळ नाही याची खात्री करून. झटके आलेल्या बाईला पुढे पाठवण्याआधी मॅग्नेशियम सल्फेटचा पहिला डोस, प्रत्येक कुल्ल्यात पाच ग्रॅम. रडले नाही त्या बाळासाठी पहिल्या मिनिटात काय काय. हे तोंडपाठ असून भागत नाही, क्रमाने करून दाखवता आले पाहिजे. मैत्रिणींबरोबर उशी आणि बाहुली घेऊन सराव करा.

‘सर्टिफिकेट लावून द्या’ असे कोणी म्हटले तर

नव्या मुलींना हा फोन येतोच. ‘कामावर यायची गरज नाही, फक्त सर्टिफिकेट द्या, महिन्याला दोन-तीन हजार पाठवतो.’ १९४९ च्या नर्सिंग होम नोंदणी कायद्यात प्रसूतिगृहाकडे पात्र प्रसाविका असणे ही नोंदणीची अट आहे, म्हणून तुमच्या कागदाला ही किंमत येते. तिथे रात्री बाळंतपण करणारी दुसरीच कुणीतरी, प्रशिक्षण नसलेली मुलगी असते. उद्या एखादी बाई दगावली तर कागदावर ड्यूटी तुमची निघेल. नोंदणी रद्द होणे ही त्यातली सगळ्यात लहान शिक्षा. शिवाय तुमचे नाव एका ठिकाणी अडकले की दुसऱ्या ठिकाणचा खरा अनुभव सिद्ध करणे अवघड होते. हे पैसे कधीही घेऊ नका, आणि मैत्रिणीलाही घेऊ देऊ नका.

तुमचे हक्क

- मूळ कागदपत्रे. प्रवेशाच्या वेळी किंवा नोकरीत रुजू होताना मूळ गुणपत्रके पडताळून लगेच परत मिळाली पाहिजेत. ती अडकवून ठेवणे आणि सक्तीचा सेवाबंध लादणे याला भारतीय परिचर्या परिषदेचा विरोध आहे. साक्षांकित प्रती द्या, मूळ कागद घरी ठेवा.
- नियुक्तिपत्र. पद, पगार, ड्यूटीचे तास, नोटिशीचा कालावधी लिहिलेले. पगार बँकेत घ्या.
- भविष्य निर्वाह निधी: २० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या ठिकाणी. ईएसआयसी: १० किंवा अधिक कर्मचारी आणि पगार २१,००० रुपयांपर्यंत असेल तर.
- प्रसूती रजा: आधीच्या १२ महिन्यांत ८० दिवस काम झाले असेल तर २६ आठवडे भरपगारी. दुसऱ्यांची बाळंतपणे करणाऱ्या मुलीला स्वतःच्या बाळंतपणात राजीनामा द्यायला लावतात, ही गोष्ट बेकायदेशीर आहे.
- लैंगिक छळाविरुद्ध अंतर्गत समिती: १० किंवा अधिक कर्मचारी असतील तर बंधनकारक. लहान दवाखाना असेल तर जिल्हा पातळीवरची स्थानिक समिती.
- मारहाण: २०१० च्या राज्याच्या कायद्यात डॉक्टरांबरोबर परिचारिका, प्रसाविका आणि नर्सिंगच्या विद्यार्थिनींनाही संरक्षण आहे, दोषीला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

परदेशी जायचे असेल तर

एएनएमच्या नोंदणीवर परदेशात परिचारिकेची नोकरी मिळते असे सांगणारा एजंट खोटे बोलतो आहे. ब्रिटनमध्ये परिचारिका आणि प्रसाविका या दोन स्वतंत्र नोंदण्या आहेत. आपल्याकडच्या ‘आरएन-आरएम’ पदवीधर बहुधा तिथे परिचारिका म्हणूनच जातात. जर्मनीला जायचे तर भाषेची तयारी वर्षभर आधी सुरू करावी लागते. आखाती देशांसह एमिग्रेशन तपासणी आवश्यक असलेल्या १८ देशांत परिचारिकांची भरती २०१५ पासून केवळ सरकारने नेमलेल्या सरकारी संस्थांमार्फत होते. अन्यत्र नोंदणीकृत एजंटाला सेवाशुल्क म्हणून ३०,००० रुपये आणि जीएसटी यापेक्षा जास्त घेता येत नाही. पाच लाख मागणाऱ्याला परवाना क्रमांक विचारा आणि तो परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर तपासा.

पुढची पायरी

आरोग्यसेविकेला सेवाज्येष्ठतेने आरोग्य सहायिका होता येते. जीएनएम झालेल्यांना दोन वर्षांचा पोस्ट बेसिक बीएस्सी करता येतो. बाळंतपणाच्याच कामात रमलेल्यांसाठी २०१८ मध्ये केंद्राने प्रसाविका सेवांची मार्गदर्शक तत्त्वे आणली. त्यांत ‘नर्स प्रॅक्टिशनर इन मिडवायफरी’ हा १८ महिन्यांचा अभ्यासक्रम आहे, आणि गुंतागुंत नसलेली बाळंतपणे प्रसाविकांच्याच जबाबदारीवर चालवणारे कक्ष रुग्णालयांत उभे करण्याची कल्पना आहे. तेलंगणाने या कामात आघाडी घेतली.

या अभ्यासक्रमाला ‘आरएन-आरएम’ नोंदणी आणि लेबर रूमचा अनुभव दोन्ही लागतात. म्हणून नोकरी सोडताना अनुभवाचा दाखला त्याच दिवशी घ्या, आणि त्यावर नुसते ‘स्टाफ नर्स’ नको. लेबर रूममध्ये कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत होता, रुग्णालय किती खाटांचे, हे लिहून घ्या. दवाखाना पुढे बंद झाला किंवा मालक बदलला तर तो दाखला नंतर मिळत नाही.